बाज्याच्या नळ्यांवरची खूण

माझा कुणावर चटकन विश्वास बसत नाही, आणि याचा मला बरीच वर्षं कमीपणा वाटला नाही. सत्तावीस वर्षं मी नागपुरात मुलींच्या एका वसतिगृहाची मेट्रन होते. रविवारी सकाळी देवळात जाते म्हणून निघालेली मुलगी फुटाळा तलावावर कुणाबरोबर तरी सापडते, आणि मेसमधल्या पन्नास वाट्या दिवाळीच्या सुट्टीनंतर छत्तीस होतात, हे ज्याने पाहिलंय त्याने मला विश्वासाच्या गोष्टी सांगाव्यात. वाट्यांच्या पायी मी भांड्यांवर नाव टाकायची विजेची मशीन विकत घेतली होती. पेनासारखी हातात धरायची, बटण दाबलं की घर्र करत स्टीलवर कोरत जाते. निवृत्त झाले तेव्हा ती मशीन मी घरी घेऊन आले. माझीच होती.

आमच्या घरात भांड्यांवर खूण घालायची रीत मात्र त्याहून जुनी. ख्रिस्ती घरातल्या भांड्यांवर क्रूस बहुतेक सगळेच घालतात, त्यामुळे देवळातलं प्रीतिभोजन आटोपलं की परातींची अदलाबदल ठरलेली. ज्याची चेपकी परात असेल त्याला दुसऱ्याचीच आपली वाटायची. म्हणून बाबांनी क्रुसाखाली दोन टिंबं घालायला सुरुवात केली. क्रूस आणि दोन टिंबं दिसली की ते भांडं आमचं, हे गावातल्या पोरासोरालाही ठाऊक होतं.

आमचं गाव मौद्याच्या वाटेवर, नागपूरहून बसने तासाभराचं. देऊळ लहान. आमच्यात जुनी माणसं चर्चला देऊळच म्हणतात, आणि त्या देवळातल्या पाइप ऑर्गनला बाजा. नाताळला बाकं भरतात, एरवी अर्धी रिकामी. एवढ्या लहान देवळात एवढा मोठा बाजा आला कसा, हा प्रश्न मला लहानपणापासून सतावायचा, कारण त्याची जी जी उत्तरं मिळाली त्यातलं एकही मला पटलं नाही. पाळकसाहेब सांगायचे की एका गोऱ्या मडमेच्या वडिलांनी लेकीच्या आठवणीसाठी तो बोटीने पाठवला. बाबा सांगायचे की तो मुळात छावणीतल्या गोऱ्या शिपायांच्या चर्चसाठी आला होता, पलटण हलली आणि तो आमच्या गळ्यात पडला. मला बाबांचंच खरं वाटायचं. नवी वस्तू आपल्या वाट्याला सहसा येत नाही, आणि फुकट आलेल्या वस्तूत कुठेतरी खोट असतेच.

एका गोष्टीवर मात्र गावाचं एकमत होतं. बाजा खोक्यांत भरून बैलगाड्यांवरून आणताना एक खोकं कन्हान नदीत पडलं. पडलं की नाही देव जाणे, पण पुढे बाज्यातला कुठलाही सूर मुका झाला की लोक म्हणायचे, ती नळी कन्हानात गेली. नंतर नंतर कुणाची छत्री हरवली तरी ती कन्हानातच जाऊ लागली.

बाबा त्या बाज्याचा भाता मारायचे. बाज्याच्या मागे एक अरुंद खोली आहे. तिथे उभं राहून लाकडी दांडा वरखाली करायचा, म्हणजे भात्यात हवा भरते आणि नळ्या बोलतात. दोरीला टांगलेला शिशाचा एक गोळा असायचा. तो जितका वर गेला तितकी हवा कमी झाली असं समजायचं. बाबांनी सबंध आयुष्यात एकही प्रवचन नीट ऐकलं नसेल, त्यांचं लक्ष त्या गोळ्यावर. पुढे विजेची मोटर आली आणि बाबांचं काम गेलं, पण त्या मागच्या खोलीची किल्ली मरेपर्यंत त्यांच्याचकडे राहिली. त्यांच्यानंतर ती माझ्याकडे आली. ताईकडे नाही. ताई वस्तू कुठेही ठेवते.

ताई माझ्याहून सात वर्षांनी मोठी. मिशनच्या शेवटच्या मडमेने तिला वाजवायला शिकवलं, आणि तेव्हापासून आमच्या देवळातलं प्रत्येक लग्न, प्रत्येक मयत आणि प्रत्येक नाताळ तिच्या हातून गेलं. लग्न केलं नाही. मी निवृत्त होऊन गावी परतले तेव्हापासून आम्ही दोघीच एका घरात आहोत. बोलत कमी, भांडत जास्त. अलीकडे तिची बोटं सकाळी आखडतात. कोमट पाण्यात हात बुडवून बसते आणि मग देवळात जाते.

बाज्याचीही तीच गत झाली होती. काही सूर मुके, काही धापा टाकणारे. गेल्या वर्षी दिवाळीच्या आधी देवळाच्या पंचमंडळींची बैठक झाली. तरुण पोरांचं म्हणणं होतं की बाजा काढून टाकावा, तिथे ड्रम आणि कीबोर्ड ठेवावेत. ही पोरं नागपुरात मिहानच्या कंपन्यांमध्ये नोकरीला जातात, शनिवारी घरी येतात आणि आल्या आल्या सगळ्यांना सुधारायला लागतात. आमचे सेक्रेटरी, शाळेचे निवृत्त हेडमास्तर, यांनी मधला मार्ग काढला. नाताळपर्यंत बाजा नीट वाजला तर राहील, नाही तर नव्या वर्षात निघेल. घरी येऊन ताईने पोळीचा घास हातात धरला आणि तशीच बसून राहिली. शेवटी म्हणाली, "तो गेला तं मी देवळात कुठं बसू वं?"

तिच्या या प्रश्नाने मला फार वाईट वाटलं, आणि मी जे केलं ते त्यापायीच केलं, असं मी नंतर पुष्कळ दिवस स्वतःला सांगत होते.

दुरुस्तीवाला ताईनेच शोधला. नागपुरात जरीपटक्याच्या बाजारात, कापडाच्या दुकानांमागच्या गल्लीत त्याचं हार्मोनियमच्या पेट्या दुरुस्त करायचं दुकान होतं. वय साठीच्या पुढे. तरुणपणी कलकत्त्याहून एक म्हातारा कारागीर वर्षातून एकदा आपल्या भागातले चर्चचे बाजे जुळवायला यायचा, त्याच्या हाताखाली हा शिकला होता. असं तो सांगत होता. कलकत्त्याला जाऊन खात्री कोण करणार?

आल्या आल्या त्याने बाज्याभोवती एक फेरी मारली आणि दर्शनी सोनेरी नळ्यांवर टिचकी मारत म्हणाला की या काही बोलत नाहीत, शोभेच्या आहेत. मला धक्काच बसला. आमच्या तीन पिढ्यांनी त्या सोनेरी नळ्यांकडे बघत भक्ती केली होती, दर नाताळला बाबा त्या चिंचेच्या पाण्याने पुसायचे. ताईने नुसती मान हलवली, तिला माहीत होतं. मला मात्र त्या क्षणी वाटलं की माणूस पक्का आहे. चांगला माल कुचकामी ठरवायचा आणि मग स्वस्तात उचलायचा, ही भंगारवाल्याची जुनी युक्ती.

खऱ्या बोलणाऱ्या नळ्या आत, मागच्या खोलीच्या बाजूला होत्या. करड्या, निस्तेज, शाळेतल्या शिसपेन्सिलींसारख्या ओळीने उभ्या. त्यातल्या सतरा नळ्या स्वतःच्याच वजनाने पायाशी बसल्या होत्या, काहींचे सांधे उकलले होते. त्या तो आपल्या दुकानात नेणार म्हणाला, इथे सांध्यांना डाग देऊन जोडता येत नाही. मी विचारलं की या कशाच्या आहेत. म्हणाला, कथील आणि शिसं.

कथील म्हटल्यावर माझे कान टवकारले. लहानपणी कल्हईवाला दारात यायचा तेव्हा आई त्याच्यासमोर पाट टाकून बसायची, कारण कथलाचा नखाएवढा तुकडाही महाग. आणि हा माणूस कथलाच्या सतरा नळ्या रिक्षात घालून नेणार, आणि आणेल त्या त्याच कशावरून? आमच्या देवळाची घंटा मी शाळेत असताना दुरुस्तीला गेली ती परत आली तेव्हा तिचा आवाज वेगळा होता. सगळे म्हणाले की दुरुस्त झाल्यामुळे वेगळा वाटतो. बाबा मरेपर्यंत म्हणत होते की ती आपली घंटा नव्हेच.

फोटो काढून ठेवावेत असं आधी मनात आलं, पण फोटोत सगळ्या नळ्या सारख्याच दिसणार. त्या सतरा नळ्या काढून मागच्या खोलीत ठेवून तो गेला होता, न्यायला दुसऱ्या दिवशी येणार होता. त्या दुपारी ताई जेवून पडली होती. मी मशीन पिशवीत घातली, किल्ली घेतली आणि देवळात गेले.

खूण कुठे घालायची हा प्रश्न होता. अंगावर घातली तर त्याला दिसेल, आणि दिसली की तो नव्या नळ्यांवरही तशीच घालेल. प्रत्येक नळीला खालच्या बाजूला बासरीला असतं तसं एक आडवं तोंड असतं. त्या तोंडाच्या वरच्या ओठाची आतली कड कुणाला दिसत नाही. मी नळी मांडीवर आडवी घेतली, चष्मा लावला आणि ओठाच्या आतल्या कडेवर क्रूस घातला, खाली दोन टिंबं. स्टीलवर मशीन दाबून धरावी लागते. इथे ती लोण्यात शिरावी तशी शिरली. पहिल्या नळीची कड थोडी फाटली, मग हात सांभाळून धरला. सतरा नळ्या झाल्यावर मी करड्या धातूचा चुरा पदराने पुसला, नळ्या होत्या तशा ठेवल्या आणि घरी येऊन चहा केला. मला फार समाधान वाटत होतं.

दोन आठवडे गेले, दुरुस्तीवाल्याचा फोन नाही. ताई म्हणायची की काम नाजूक आहे, वेळ लागेल. मी स्वेटर आणायचं निमित्त करून जरीपटक्याला गेले आणि न सांगता त्याच्या दुकानात शिरले. नळ्या जुन्या गोधडीवर ओळीने निजवलेल्या होत्या आणि तो शेगडीवर एका लहान पळीत काहीतरी करडं, चकचकीत वितळवत होता. मी विचारण्याआधीच तो म्हणाला की डाग द्यायला लागतं ते आहे. मी नळ्या मोजल्या. सतरा भरल्या, पण मोजण्यावर माझा कधीच भरवसा नव्हता. खूण बघावी तर तो समोर.

त्याने मला स्टूल दिलं, चहा मागवला. मग एक नळी उचलून तिच्या तोंडावरून अंगठा फिरवत त्याने हळूच विचारलं, "बाई, मी आणायच्या आधी या पाइपांले कोणी हात लावला होता काय?"

मी म्हटलं, "नाही."

त्याने पुन्हा विचारलं नाही. मला वाटलं, आता हा सबब तयार करून राहिला. परत येताना बसमध्ये माझी खात्री पटत गेली, आणि उतरल्यावर घरी न जाता मी सरळ सेक्रेटरींकडे गेले. नळ्या वितळताना मी डोळ्यांनी पाहिल्या असं काही मी म्हटलं नाही. शेगडीवर कथील होतं एवढंच म्हटलं, आणि तो आतापासूनच कुणी हात लावला म्हणून विचारून राहिला, हे सांगितलं. हेडमास्तर माणूस, त्याला अर्ध्या वाक्याचं पूर्ण वाक्य करायची सवय.

डिसेंबर लागला आणि नळ्या आल्या. ताई बाज्यावर बसायच्या आत मी मागच्या खोलीत गेले, टॉर्च घेऊन एकेक नळीच्या तोंडात डोकावले. क्रूस आणि दोन टिंबं. सतराच्या सतरा. एकही बदललेली नव्हती. खोटं कशाला बोलू, मला आनंद झाला नाही. थोडा हिरमोडच झाला.

मग ताईने वाजवायला सुरुवात केली. पाय सरळ झालेल्या, सांधे भरलेल्या त्या नळ्या ओळीने घोगरत होत्या. सूर लागायच्या आधी फस्स करून हवा निघून जायची, लागला तर घसा बसलेल्या माणसासारखा लागायचा. आधी त्या वाकड्या होत्या, दमलेल्या होत्या, पण गात होत्या. ताई एक एक पट्टी दाबत गेली, मग तिने हात मांडीवर ठेवले. दुरुस्तीवाला मान खाली घालून उभा होता. इतकंच म्हणाला की तोंडं बिघडलीत, त्याने जमेल तेवढं केलं, आणखी वेळ पाहिजे.

मी मागच्या खोलीत टॉर्च हातात घेऊन उभी होते आणि तिथेच मला समजलं. नळीचा आवाज ओठाच्या कडेवर होतो, हे समजायला कलकत्त्याला जाऊन यावं लागत नाही. बासरी वाजवणाऱ्या कुणालाही ते कळलं असतं. मी मात्र त्याच कडेवर आमच्या परातीची खूण कोरली होती.

मी कुणाला काही सांगितलं नाही. रविवारी भक्ती झाल्यावर पाळकसाहेबांच्या खोलीत पंच जमले. दुरुस्तीवाल्याला बोलावलं होतं, ताई आणि मीही होतो. टेबलावर एक नळी ठेवली होती. सेक्रेटरी म्हणाले की नळ्या बदलल्या आहेत, तशी त्यांना पक्की खबर आहे. आमच्या नळ्या परत करा, नाही तर आम्ही ठाण्यात जाऊ. आणि बाजा जानेवारीत निघेल, हा विषय संपला.

दुरुस्तीवाल्याचा चेहरा उतरला, पण आवाज चढला नाही. त्याने नळी उचलून तिच्या अंगावर, बऱ्याच वर, खरवडलेलं एक अक्षर दाखवलं. बनवणाऱ्याने प्रत्येक नळीवर तिच्या सुराचं नाव घालून ठेवलेलं असतं, आवाजाला धक्का लागणार नाही अशा जागी. सतराही नळ्यांवर ती जुनी अक्षरं होती. मी मांडीवर घेऊन बसले होते तेव्हाही ती तिथेच होती, मला वाटलं कुठेतरी घासलं गेलंय. सेक्रेटरी म्हणाले की अक्षर काय, कुणीही खरवडेल.

या माणसाने नळ्या बदलल्या नाहीत याचा पुरावा त्या खोलीत एकच होता, आणि तो मी कोरलेला होता. तो दाखवला तर माणूस सुटतो आणि बाजा मी बिघडवला हे उघडं पडतं. गप्प बसले तर माणूस चोर ठरतो, बाजा जातो आणि ताईला कधीच काही कळत नाही. मी गप्प बसले. किती वेळ ते सांगता येत नाही, पण बसले.

तेवढ्यात ताईने नळी मागितली. खिडकीशी नेऊन तिने चष्मा वर सरकवला आणि त्या आखडलेल्या बोटाने नळीच्या ओठावर आतून हात फिरवला. एकदा, मग पुन्हा. आयुष्यभर घरातली भांडी घासलेलं बोट ते. ती वळली तेव्हा तिने सेक्रेटरींकडे पाहिलं नाही, माझ्याकडे पाहिलं.

"ही खूण कोणाची वं?" तिने विचारलं.

मी म्हटलं, "आपली."

मग मला सगळं सांगावं लागलं, मशीनपासून चहापर्यंत. जरीपटक्याला मला विचारलं होतं आणि मी नाही म्हटलं, हेही. सेक्रेटरी टेबलावरची धूळ बोटाने पुसत होते. वसतिगृहात मी कितीतरी मुलींना असं सगळ्यांसमोर उभं करून बोलायला लावलं होतं. त्यांना कसं वाटत असेल हे मला चौसष्टाव्या वर्षी कळलं.

तोपर्यंत मी मनातल्या मनात त्या माणसाला अरे-तुरेच करत आले होते. ते उठले आणि म्हणाले, "असं होते बाई. मले पहिल्याच दिवशी दिसलं. घरच्या माणसानं केलं असन, म्हणून बोललो नाही."

नाताळला तेरा दिवस होते. ते रोज पहिल्या बसने यायचे. नळ्या पुन्हा दुकानात न्यायला त्यांनी स्वतःच नकार दिला, मागच्या खोलीत उघड्या दारात बसून काम केलं. ओठाची कोरलेली कड थोडी थोडी कापून वर न्यायची, मग फुंकून पाहायची. कापताना आमचे क्रूस आणि टिंबं चुऱ्यात पडायची. मी नळी धरून बसायचे. पहिल्या दिवशी मी तोंडापाशी धरली तर म्हणाले, तिथं नाही, आणि माझा हात उचलून वर ठेवला. बस्स, तेवढंच. माझ्यावर रागावले असते तर बरं झालं असतं. ताईही रागावली नाही. घरात ती माझ्याशी नेहमीसारखं बोलत होती, फक्त भांडत नव्हती.

सोळा नळ्या सुधारल्या. आवाज पहिल्यापेक्षा मऊ झाला, थोडा बारीक झाला, पण लागला. मी सगळ्यात आधी खूण घातलेली, कड फाटलेली ती एक मात्र नाही म्हणजे नाहीच. तिच्या जागी दुसरी नळी बनवायला दोन महिने लागणार होते.

नाताळच्या सकाळी देऊळ भरलं होतं. मिहानची पोरं भिंतीला टेकून उभी होती. ताईने कोमट पाण्यातून काढलेले हात रुमालाने पुसले आणि सुरुवात केली. ती एक नळी टाळता आली असती. ताईला प्रत्येक गीत दोन-तीन पट्ट्यांत वाजवता येतं, वरच्या पट्टीत चढवलं असतं तर कुणाला कळलंही नसतं. तिने चढवलं नाही. दर कडव्यात तो सूर आला की बाजा घोगरा व्हायचा, लोक गात राहायचे, आणि मी दुसऱ्या बाकावर गीतपुस्तकात डोकं घालून बसायचे. पाच कडवी होती.

आशीर्वाद झाल्यावर पोरांनी टाळ्या वाजवल्या. आमच्या देवळात तशी पद्धत नाही. सेक्रेटरी ताईला येऊन म्हणाले की बाजा राहील. ती हो म्हणाली, बाज्याचं झाकण लावलं आणि मला बोलावलं. दुरुस्तीवाले शेजारीच उभे होते, नवा शर्ट घालून आले होते.

"किल्ली दे," ताई म्हणाली.

मला वाटलं मागचं काहीतरी बघायचं असेल. मी कमरेची किल्ली काढून दिली. तिने ती त्यांच्या हातात ठेवली आणि म्हणाली की आता ही तुमच्यापाशी राहू द्या. किल्लीला बाबांनी सुतळीने लाकडाचा एक तुकडा बांधलेला होता, हरवू नये म्हणून, आणि त्यावर तापलेल्या सळईने क्रूस आणि दोन टिंबं डागलेली होती. त्यांनी तो तुकडा उलटा करून पाहिला, माझ्याकडे बघितलं आणि किल्ली शर्टाच्या वरच्या खिशात ठेवली.